जुहूची निळी बटणं आणि गोल ठशांचा गोंधळ

लाटांकाठची

गेल्या रविवारी सकाळी साडेसहाला भाचीला घेऊन जुहूला गेले होते. रात्रभर धो धो कोसळून पाऊस दमला होता आणि भरती नुकतीच ओसरली होती. चपला, प्लास्टिक, निर्माल्य हा नेहमीचा ऐवज होताच, पण त्यात जागोजागी निळी बटणं पडली होती. नाण्याएवढी पांढुरकी चकती आणि तिच्याभोवती निळीशार झालर. ब्लू बटन, शास्त्रीय नाव पोर्पिटा पोर्पिटा. पावसाळी वाऱ्यांबरोबर ती दरवर्षी आपल्या किनाऱ्याला लागतात, त्याचं नवल नाही. नवल भाचीच्या प्रश्नाचं. एका बटणाची झालर गळून नुसती चकती उरली होती. ती बघून म्हणाली, "आत्या, डायनोसॉरची हाडं उरतात. याचं काय उरणार?"

मी भूशास्त्रात एम.एस्सी. केलं आणि जन्मभर बँकेत नोकरी. तिथल्या तिथे "काही नाही गं" म्हणून मोकळी झाले. रिक्षात बसल्यावर आठवलं की हा प्रश्न भल्याभल्यांना चकवून गेलाय. म्हणून हा धागा.

आधी एक खुलासा. हे निळं बटण जेलीफिश दिसत असलं तरी नेहमीच्या जेलीफिशच्या वर्गातलं नाही. ते हायड्रोझोआ वर्गातलं. अकरावी-बारावीला आपण जो हायड्रा काढला आणि ज्याच्या कळीला नाव द्यायला विसरून मार्क घालवले, त्याच्या गोतावळ्यातलं. शिवाय बटण हा एक जीव नसून वसाहत आहे: कोणी शिकार करतो, कोणी पचवतो, कोणी प्रजनन सांभाळतो. मधली चकती म्हणजे या सगळ्यांचा तराफा. तिच्यात एकात एक वर्तुळाकार हवेचे कप्पे असतात आणि ती कायटिनची असते, म्हणजे झुरळाच्या पाठीला जो कडकपणा असतो त्याच जातीच्या पदार्थाची. लक्षात ठेवा, पुढे लागेल.

साध्या जेलीफिशच्या अंगात ९५ टक्के पाणीच. हाड नाही, शिंपलं नाही, दात नाही. तरी खडकांत 'जेलीफिश' सापडल्याच्या बातम्या शंभराहून जास्त वर्षं येताहेत. १९४६ साली रेज स्प्रिग हा सरकारी भूवैज्ञानिक दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एडिॲकारा टेकड्यांमधल्या जुन्या खाणी तपासायला गेला. तिथल्या वालुकाश्मावर त्याला ताटल्या-वाट्यांसारखे गोल ठसे दिसले. त्यानं ते जेलीफिशचे ठरवले. पुढे कळलं की ते खडक सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीचे, म्हणजे प्राण्यांच्या इतिहासातलं अगदी पहिलं पान. १९७२ मध्ये मेरी वेड यांनी तिथल्याच एका ठशाला नाव दिलं इओपोर्पिटा. इओ म्हणजे पहाट. पहाटेचं निळं बटण! वर्तुळात वर्तुळं आणि भोवती शेपट्यांसारख्या रेघा, म्हणजे हुबेहूब आपल्या जुहूचं बटण.

इतकं गोड नाव खोटं ठरायला नको होतं. पण ठरलं. एडिॲकारातल्या बहुतेक गोल चकत्या आज अख्खे प्राणी मानल्या जात नाहीत. त्या तळखुंट्या आहेत. समुद्रतळावर पिसासारखे उभे राहणारे जीव होते, त्यांचं बूड गाळात रुतलेलं असायचं. वादळात वरचं पीस तुटून गेलं, खाली गोल ठसा राहिला. गणपती झाल्यावर मंडपाचे खांब निघतात आणि रस्त्यात गोल खड्डे राहतात ना? पाचशे वर्षांनी कोणी ते खड्डे मोजून "मुंबईत गोलाकार प्राणी नांदत होते" असं म्हटलं, तर चूक त्याची नाही, खड्ड्यांची.

माझं मत: हायड्रोझोआंच्या जीवाश्मांच्या गोष्टीत सगळ्यात मोठा खलनायक वर्तुळ हा आकार आहे. जाणकारांनी भर घालावी.

---

गिरगावकर

वाचतोय. भन्नाट विषय.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये चौपाटीवर निळ्या फुग्यांनी लोकांना चावे घेतले होते, त्यात अस्मादिक होते. पोटरीवर चाबकाचा वळ उठावा तशी रेघ. लोकांनी सुचवलेले उपाय इथे लिहिण्यासारखे नाहीत. तो प्राणी आणि हे बटण एकच का?

---

लाटांकाठची

@गिरगावकर, तो ब्लू बॉटल, फायसेलिया. तोही हायड्रोझोआ आणि तोही वसाहत, पण नातं लांबचं. तो सायफोनोफोर गटातला. त्याचा फुगा मऊ असतो, हवा गेली की सुरकुतून जातो. बटणाची चकती त्या मानानं टणक. बटणाचा डंख सौम्य असला तरी उचलायला हात लावू नये. भाचीला मी आइस्क्रीमची काडी दिली होती.

---

सडेतोड

म्हणजे थोडक्यात, तज्ज्ञांनी खड्डे बघून प्राणी ठरवले आणि मग पन्नास वर्षांनी "सॉरी" म्हटलं. यावर करदात्यांचा पैसा?

---

अभ्यासू_मुंगी

@सडेतोड, "सॉरी" म्हणता येणं हाच या धंद्यातला मोठा गुण आहे. ही यादी अजून लांबवते, तुमची करमणूक होईल.

चार्ल्स वॉलकॉट हा अमेरिकेतला मोठा माणूस, कॅनडातल्या बर्जेस शेल या जीवाश्मांनी भरलेल्या खडकाचा शोध त्याचाच. त्यानं १८९६ मध्ये अलाबामातल्या चांदणीसारख्या फुगीर खड्यांना जेलीफिश म्हणून ब्रूकसेला नाव दिलं. नंतर कोणी त्याला किड्याचं बीळ म्हटलं, कोणी काचस्पंज. २०२३ च्या अभ्यासानुसार तो बहुधा जीवच नव्हता, गाळात तयार झालेला खनिजाचा गोळा. १९११ मध्ये याच वॉलकॉटनं पेटोइया नावाचा आणखी एक जेलीफिश जाहीर केला, मधोमध भोक असलेला, अननसाच्या चकतीसारखा. १९८५ मध्ये व्हिटिंग्टन आणि ब्रिग्ज यांनी दाखवलं की ते एका मोठ्या शिकारी प्राण्याचं तोंड आहे. अख्खा प्राणी समजून नुसत्या तोंडाला नाव दिलं होतं!

उलटही होतं. अमेरिकेत इलिनॉयमधल्या मेझन क्रीकला एसेक्सेला नावाचे सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म ढिगांनी मिळतात. वर्षानुवर्षं ते जेलीफिश होते. २०२३ मध्ये प्लॉटनिक आणि सहकाऱ्यांनी ते उलटे धरून पाहिले आणि म्हणाले, हे समुद्रफूल आहे, सी ॲनेमोनी. ज्याला छत्री समजत होतो ते बूड निघालं.

---

पुण्याचा_पाहुणा

ऑस्ट्रेलिया-अमेरिका कशाला, भीमबेटका विसरलात? २०२० मध्ये काही भूवैज्ञानिक तिथल्या मोठ्या गुहेत गेले आणि त्यांना भिंतीवर डिकिन्सोनिया दिसला. हाही एडिॲकाराचाच मानकरी, नाव स्प्रिगनंच दिलेलं. २०२१ मध्ये शोधनिबंध आला, सगळ्या पेपरांत फोटो झळकले, आमच्या ग्रुपवर तर तो भारताच्या प्राचीन गौरवापर्यंत पोचला. २०२३ मध्ये जो मीर्ट आणि सहकाऱ्यांनी जवळून पाहिलं, तर तो 'जीवाश्म' दगडावरून पोपड्यासारखा सुटत होता. निघालं काय, तर आग्या मोहोळाचं झडलेलं पोळं! पहिल्या निबंधाचे प्रमुख लेखक रिटॅलॅक यांनी चूक मान्य केली.

मी स्वतः त्या गुहेत उभा राहून मुलांना "हे बघा ५५ कोटी वर्षं" असं सांगितलंय. मुलं अजून चिडवतात.

---

सडेतोड

हा हा हा. पाहुणे, दंडवत घ्या.

पण मग एकही खरा नाही का?

---

वेसावकर

माझा अभ्यास नाही, पण बघण्यातली गोष्ट सांगतो. आमच्या वेसाव्याला डोल लावतात. पावसाळ्यानंतर कधी कधी डोलीत मासळी कमी आणि जेलीफिश जास्त, असं होतं. जाळं ओढताना नुसतं वजन. उपसून काढून किनाऱ्यावर टाकले तर दुपारपर्यंत पातळ पापुद्रा राहतो, दुसऱ्या दिवशी तोही नाही. कावळे, कुत्रे, खेकडे काही शिल्लक ठेवत नाहीत. तेव्हा दगडात ते उरतात यावर विश्वास बसणं कठीण.

दुसरी गोष्ट. दोर बरेच दिवस पाण्यात राहिले की त्यावर तपकिरी केसांसारखं काहीतरी वाढतं. शेवाळ वाटतं पण हाताला खाज सुटते. ते या हायड्रा मंडळीतलंच असतं, असं एकदा किनारा दाखवायला आलेल्या मरीन लाइफ ऑफ मुंबईच्या मुलांनी सांगितलं होतं.

---

लाटांकाठची

@वेसावकर, तुम्ही नकळत दोन्ही कळीचे मुद्दे मांडलेत.

पहिला दोराचा. दोरावरचं ते 'केसाळ' म्हणजे हायड्रॉइड. हायड्रोझोआंच्या आयुष्याचे दोन अवतार असतात. एक बूड टेकून राहणारा पॉलिप, दुसरा पोहणारा मेड्युसा, म्हणजे छत्री. पॉलिपच्या अंगावर कळी फुटते आणि तीच सुटून छत्री बनून पोहत जाते. त्या छत्रीच्या काठाला आतून एक पातळ पडदा असतो, वीलम. खऱ्या जेलीफिशना तो नसतो. शिवाय त्यांची छत्री कळीसारखी फुटत नाही. पॉलिपचं अंग आडव्या खाचांनी कापलं जाऊन बशांची चवड उचलावी तशा एकेक सुटतात. म्हणजे दोघांनीही छत्री बनवायची, पण कारखाना वेगळा. यावरून उगम एक की दोन हा वाद रंगतो. हायड्रानं तर छत्री साफ सोडून दिली. हायड्रोझोआंमध्ये हे सोडून देणं अनेक वेळा, वेगवेगळ्या शाखांत झालंय.

दुसरा कावळ्या-कुत्र्यांचा. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये एका दगडाच्या खाणीत कँब्रियन काळातला, म्हणजे सुमारे ५० कोटी वर्षांपूर्वीचा, अख्खा किनारा मिळाला. वाळूच्या लाटा दगडात जशाच्या तशा आणि त्यावर शेकडो छत्र्या लागलेल्या, काही ५० सेंटिमीटरहून मोठ्या. २००२ मध्ये हॅगाडॉर्न आणि सहकाऱ्यांनी त्यावर लिहिलं. त्या उरल्या कशा? त्या काळी किनाऱ्यावर कावळा नव्हता, कुत्रा नव्हता, वाळू उकरणारा खेकडा नव्हता. जमिनीवर प्राणी जवळजवळ नव्हतेच. पुढच्या भरतीनं वाळूचा थर टाकला की प्रकरण बंद. काही ठशांभोवती वाळूची कड उचललेली आहे, कारण अडकलेली छत्री सुटण्यासाठी आकसत-प्रसरत राहिली. मरतानाची धडपड दगडात. मला हे वाचून दोन दिवस करमलं नव्हतं.

आता हे हायड्रोझोआ की दुसरे कोणी, ते नुसत्या गोल ठशावरून सांगता येत नाही. पुन्हा वर्तुळाचा घोळ. पण तिथे निदान एक गोष्ट पक्की: इतक्या संख्येनं, लाटांच्या खुणांवर, धडपडीसकट. तळखुंट्या अशा वागत नाहीत.

---

अभ्यासू_मुंगी

@सडेतोड यांच्या "एकही खरा नाही का" ला उत्तर देते.

२००७ मध्ये पॉलिन कार्टराइट आणि सहकाऱ्यांनी युटा राज्यातल्या मार्जम थरांतले सुमारे ५०.५ कोटी वर्षांपूर्वीचे जीवाश्म प्रसिद्ध केले. बारीक गाळात दबलेले, शुंडकं (डंख मारणारे धागे) दिसणारे. त्यांतला एक हायड्रोझोआ, एक नेहमीचा जेलीफिश, एक चौकोनी बॉक्स जेलीफिश असं त्यांनी मांडलं. म्हणजे मोठ्या शाखा तेव्हाच वेगळ्या झालेल्या. मला ते अजून पटतं.

---

लाटांकाठची

मुंगीताई, तिथे मी थोडी अडते. २०२३ मध्ये मून, कॅरन आणि मॉयसियुक यांनी बर्जेस शेलमधून बर्जेसोमेड्युसा जाहीर केला, तेव्हा आधीच्या कँब्रियन 'छत्र्यां'चा फेरविचारही केला. त्यांतल्या काही त्यांना कंगवा-जेली वाटल्या, म्हणजे टिनोफोर, वेगळंच घराणं. मार्जमवर सगळा भार टाकू नये असं मला वाटतं.

बर्जेसोमेड्युसा मात्र जबरदस्त. १८२ नमुने. घंटेसारखी छत्री, २० सेंटिमीटरपर्यंत उंच, काठाला ९० हून जास्त बोटांसारखी आखूड शुंडकं. वर्तुळ नाही, आख्खं शरीर आहे, बाजूनं दबलेलं, काहींच्या पोटातही काही दिसतं. बरेचसे नमुने १९८०-९० च्या दशकांतच काढून टोरांटोच्या रॉयल ओंटारिओ म्युझियममध्ये ठेवलेले होते. तीसेक वर्षं कपाटात!

---

सडेतोड

पण तो हायड्रोझोआ आहे का? धाग्याचा विषय तो ना?

---

लाटांकाठची

नाही, आणि गंमत तिथेच आहे. तो जेलीफिश आणि बॉक्स जेलीफिश यांच्या बाजूचा आहे, हायड्रोझोआंच्या समोरच्या बाजूचा.

जमिनीची वाटणी घ्या. आजोबांच्या नावावर एक सातबारा. पुढे दोन मुलांत वाटणी झाली. थोरल्या पातीचा १९२० चा फेरफार तुमच्या हाती लागला, धाकट्या पातीचा एकही कागद नाही. तरी १९२० पूर्वी वाटणी झाली होती आणि धाकटी पाती तेव्हा वेगळी नांदत होती, हे कोणताही तलाठी सांगेल. तसंच इथे. बर्जेसोमेड्युसा ही थोरल्या पातीची नोंद. म्हणजे ५०.५ कोटी वर्षांपूर्वी हायड्रोझोआंची पाती वेगळी झालेली असणारच. आजची वीलम, कळीतून छत्री ही सगळी लक्षणं तेव्हाच तिच्यात होती असं मात्र यातून निघत नाही. वाटणी झाली म्हणजे घर बांधून झालं असं नव्हे.

---

अभ्यासू_मुंगी

सातबाऱ्याला +१. मार्जमवर आपलं जमणार नाही, चालेल.

आजोबांबद्दलही थोडं. २०२२ मध्ये इंग्लंडमधल्या चार्नवुड फॉरेस्टमधून ऑरोरालुमिना अ‍ॅटनबरोआय आला. वय सुमारे ५५.७ ते ५६.२ कोटी वर्षं. दोन पेले जोडलेले, भोवती टणक आवरण, वर शुंडकांचा झुपका. फ्रान्सेस डन आणि सहकाऱ्यांनी त्याला मेड्युसोझोआंच्या, म्हणजे हायड्रोझोआ आणि सगळ्या जेलीफिशच्या सामाईक घराण्याच्या, मुळाशी ठेवलंय, म्हणजे वाटणीच्या आधीच्या घरात. आणि तो छत्री नाही, पॉलिप आहे, बूड टेकून बसलेला. प्रवाळ आणि समुद्रफुलं ही दुसरी मोठी शाखा, त्यांच्यात छत्रीचा अवतार मुळातच नाही. दोन्ही जुळवलं तर पॉलिप आधी, छत्री नंतर असं चित्र दिसतं. छत्री काढणाऱ्या सगळ्यांचा मायटोकाँड्रियातला डीएनए सरळ रेघेचा, प्रवाळांचा गोल, हाही एकाच वंशाचा पुरावा.

---

खडूस_काका

इतकं सगळं कॅनडा-इंग्लंडचं. मुंबईत शोधायला जायचं तर कुठे जावं? नातवाला हातोडी घेऊन दिली आहे, घरातल्या फरशा धोक्यात आहेत.

---

लाटांकाठची

काका, जेलीफिशसाठी कुठेच नाही. आपल्या पायाखाली बेसाल्ट, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा. अंधेरीचा गिल्बर्ट हिल त्यातलाच, आणि तो संरक्षित आहे, तिथे हातोडी नेऊ नका. पण दोन लाव्हांच्या मधल्या काळात तळी साचली, गाळ बसला. वरळीच्या टेकडीवरच्या अशाच गाळात बेडकांचे जीवाश्म सापडले. १८४७ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी त्यांचं वर्णन केलं, आज नाव इंडोबॅट्राकस. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वीच वरळीचा बेडूक लंडनला पोचला होता.

---

गिरगावकर

वरळीच्या बेडकावर वेगळा धागा काढा. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

पण मूळ प्रश्न राहिला. निळ्या बटणाचं काय उरणार?

---

लाटांकाठची

चकती उरू शकते. कायटिन मांसासारखं लगेच सडत नाही. डेव्होनियन काळातल्या (सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या) प्लेक्टोडिस्कस नावाच्या चकत्यांना कित्येकांनी बटणाच्या नात्यात बसवलंय. जर्मनीत झोल्नहोफेनच्या १५ कोटी वर्षांपूर्वीच्या चुनखडीत हायड्रोक्रास्पेडोटा नावाची छत्री आहे. क्रास्पेडोटा म्हणजे काठाला तो पडदा असलेली. आणि माझा सगळ्यात लाडका प्रोट्युलोफिला: नळीत राहणाऱ्या किड्यांच्या घराच्या भिंतीत स्वतःला चिणून घेणारा हायड्रॉइड. जुरासिकपासूनच्या खडकांत त्याची इवली भोकं दिसत, सगळे समजत होते तो केव्हाच संपला. २०१४ च्या सुमारास न्यूझीलंडमध्ये पिक्टनजवळ तो जिवंत निघाला. हाडं नसलेल्यानं दुसऱ्याचं पक्कं घर वापरलं म्हणून त्याचा पत्ता लागला.

बाकी, भाचीच्या शाळेत शाडूच्या गणपतीची कार्यशाळा झाली, उरलेली माती घरी आली. आम्ही तिच्यावर चार ठसे उमटवले आणि वाळवले: एक निळ्या बटणाची सुकी चकती (चिमट्यानं), एक आडवा कापलेला कांदा, एक बाटलीचं झाकण, एक तुपाच्या लहान वाटीचं बूड. फोटो टाकलाय, क्रम सांगत नाही. बटण कुठलं ते ओळखा.

---

अभ्यासू_मुंगी

२. वर्तुळं नीट एकात एक आहेत, काठाला रेघाही दिसतात.

---

पुण्याचा_पाहुणा

मी या वेळी उत्तर देणार नाही. मोहोळ निघायचं.

---

सडेतोड

२ कांदा आहे हो, उघड आहे. ३ बटण. काठाच्या रेघा बघा, शुंडकांच्या आहेत.

---

वेसावकर

४. रोज बघतो.

---

लाटांकाठची

वेसावकर बरोबर. २ कांदा. १ वाटी. सडेतोड, ३ म्हणजे बाटलीचं झाकण. त्या रेघा झाकणाच्या दातऱ्या आहेत.